सारसांच्या वाटेतल्या तारा: ऊर्जा विभाग, वन विभाग आणि सारस संवर्धन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन
मा. व्यवस्थापकीय संचालक, राज्य वीज वितरण कंपनी व राज्य वीज पारेषण कंपनी
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया व भंडारा (सारस संवर्धन समिती)
मा. उपवनसंरक्षक, गोंदिया व भंडारा

विषय: सारसांच्या रातथाऱ्यांभोवतीच्या (रात्री मुक्काम करण्याच्या जागांभोवतीच्या) व घरट्यांजवळच्या वीजवाहिन्या सुरक्षित करण्याबाबत

महोदय,

गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत मिळून आज चाळीस सारसही उरलेले नाहीत. राज्यात सारसाची वीण टिकून आहे असा एवढाच पट्टा आता शिल्लक आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या आल्या. घरट्यांची राखण होते, उन्हाळ्याच्या शेवटी गणना होते, बांधीत (धानाच्या शेतात) घरटे झाले तर तेवढी जागा सोडून रोवणी करणारे शेतकरी इथे आहेत. एवढे करून एखादे पिल्लू मोठे होते आणि उडायला लागते, तेव्हा तळ्याच्या पारीवरून जाणाऱ्या तारा मात्र होत्या तशाच असतात. त्या तारांची जबाबदारी कोणाची हे अजून ठरलेले नाही. ते ठरवावे, यासाठी हे पत्र.

लिहिणारे आम्ही गणनेत भाग घेणारे पक्षीनिरीक्षक, धान पिकवणारे शेतकरी आणि वीजवाहिन्यांच्या कामात नोकरी केलेले काही जण आहोत. उन्हाळी धानाला पाणी लागते, पाण्याला पंप लागतो आणि पंपाला वीज लागते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणून वाहिन्या काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या वाहिन्या, कोणत्या गाळ्यात (दोन पोलमधल्या टप्प्यात) आणि कशा बदलायच्या एवढेच सांगतो आहोत.

पहिली गोष्ट अशी की सारस तारेवर किंवा पोलवर बसत नाही. हे ध्यानात घेतले नाही तर उपाय तिथूनच चुकतात. घार, गरुड, घुबड, करकोचा हे पक्षी पोलच्या डोक्यावर बसतात. तिथला लोखंडी क्रॉसआर्म (तारा धरणारा आडवा पट्टा) अर्थिंगला जोडलेला असतो आणि पिन इन्सुलेटरवरची तार त्याच्यापासून जेमतेम वीतभर उंच असते. पाय क्रॉसआर्मवर आणि पंख तारेला, की प्रवाह पक्ष्यातून जातो. अशा ठिकाणी पोलजवळच्या तारेला आवरण, जंपरला (तारा जोडणाऱ्या तुकड्याला) नळी, डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) बुशिंगला टोपी हे उपाय बरोबर आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण सारस मरतो तो दोन पोलच्या मधल्या गाळ्यात, उडता उडता. पोलवर कितीही टोप्या बसवल्या तरी त्याला काही उपयोग नाही. पोलवरचे इन्सुलेशन पूर्ण झाले म्हणून सारसाचे काम पूर्ण झाले, असा अहवाल कृपया कोणी पाठवू नये.

सारस उभा राहिला की साडेपाच ते सहा फूट भरतो. पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत २.२ ते २.५ मीटर होतात, वजन साधारण ६ ते ८ किलो. एवढा जड पक्षी हवेत ऐनवेळी वळू शकत नाही. ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) वाहिनीच्या दोन तारांमध्ये साधारण मीटरभर अंतर असते, म्हणजे पंख उघडलेला सारस दोन फेजना एकाच वेळी सहज टेकतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत धडक आणि शॉक या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. धडकेतून वाचला तर शॉकने जातो आणि शॉकमधून वाचला तर मोडलेल्या पंखाने बांधीत पडून राहतो.

तार त्याला दिसत का नाही, याचेही उत्तर आहे. आफ्रिकेतला निळा क्रौंच, कोरी माळढोक आणि पांढरा करकोचा या पक्ष्यांच्या नजरेचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. या पक्ष्यांचे डोळे बाजूला असतात आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून समोरचे दिसण्याचा पट्टा अरुंद असतो. उडताना खालची जमीन पाहण्यासाठी क्रौंचाने डोके ३५ अंश किंवा माळढोकाने २५ अंश खाली झुकवले, तर ज्या दिशेने तो चालला आहे ती दिशाच त्याला दिसेनाशी होते. सारस क्रौंचांच्याच कुळातला. उतरायला बांधी शोधताना तोही खालीच पाहत असणार. त्यात शेतातल्या ११ केव्हीला बऱ्याचदा ‘वीझल’ तार असते, तिचा व्यास ७.७७ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीएवढा. डिसेंबर-जानेवारीत मळणीनंतर सांडलेले दाणे टिपायला सारस पहाटे तळ्यावरून शेतात येतात तेव्हा धानपट्ट्यात धुके असते. ती तार तेव्हा माणसालाही दहा पावलांवरून दिसत नाही.

उत्तर प्रदेशातल्या इटावा आणि मैनपुरी जिल्ह्यांत सारसांच्या तारांवरच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दरवर्षी सुमारे १ टक्का सारस तारांमुळे मरत होते. जोडी न जमलेले, रातथाऱ्यावर थव्याने राहणारे पक्षी जास्त मरत होते आणि रातथाऱ्याभोवती जितक्या जास्त तारा तितके मृत्यू जास्त, असे दिसले. हा निष्कर्ष आपल्याला थेट उपयोगी आहे, कारण कामाची सुरुवात कुठून करायची ते तो सांगतो. तिथे सारस मोठ्या संख्येने होते म्हणून १ टक्का तरी म्हणता आला. आपल्याकडे एक सारस गेला की एका दिवसात जवळपास ३ टक्के संख्या कमी होते. सारसाची जोडी वर्षाला साधारण दोन अंडी घालते, त्यातले एखादे पिल्लू जगते, काही वर्षी एकही नाही, आणि पिल्लाला स्वतः वीण करायला किमान तीन वर्षे लागतात. जोडीतला एक गेला तर उरलेल्याचा तो हंगामही जातो.

आता आमच्या तक्रारी. त्या कोणा एका अधिकाऱ्याविरुद्ध नाहीत, कामाच्या पद्धतीविरुद्ध आहेत.

एक. सारस जंगलात राहत नाही. तो मामा (माजी मालगुजारी) तलावात, बोडीत (छोट्या तळ्यात) आणि खासगी बांधीत राहतो. वाहिनी वनजमिनीतून जाणार असेल तर वन विभागाची परवानगी लागते, परसवाडा किंवा झिलमिलीच्या तळ्याजवळच्या शेतातून जाणार असेल तर लागत नाही. त्यामुळे नव्या कृषी कनेक्शनचे अंदाजपत्रक बनवताना पोल किती, तार किती, डीपी कुठे एवढेच पाहिले जाते. जवळ रातथारा आहे का, हे विचारायला त्या कागदावर जागाच नाही. वन विभागाकडे घरट्यांची माहिती आहे, वीज कंपनीकडे वाहिन्यांचे नकाशे आहेत, आणि हे दोन कागद एकमेकांवर ठेवून पाहण्याचे काम कोणाच्याही कर्तव्यसूचीत नाही.

दोन. २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीतून पंपांना स्वतंत्र छोटे ट्रान्सफॉर्मर दिले गेले. गळती कमी व्हावी, व्होल्टेज सुधारावे, वीजचोरीचे आकडे बंद व्हावेत, हा हेतू योग्यच होता. पण या प्रणालीचा अर्थ असा की ११ केव्हीच्या उघड्या तारा थेट बांधीपर्यंत आल्या. पूर्वी जिथे लघुदाबाच्या तारा होत्या तिथे आता उच्चदाब आहे. जुनी लघुदाब वाहिनी उभीच राहिली असेल, तर त्याच जागी धडकायला दोन वाहिन्या झाल्या. लघुदाबाच्या चार-पाच तारा एकाखाली एक असतील तर हवेत कुंपण उभे राहते. तेवढ्याच तारा आडव्या ओळीत असत्या तर धडकेची उंची बरीच कमी झाली असती.

तीन. झोळ, म्हणजे दोन पोलमधल्या तारेचे लोंबणे. रस्त्यापासून दूर, शेतावरून जाणारी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच हवी, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांचा नियम आहे. आठ मीटरचा सिमेंट पोल दीड मीटर जमिनीत गाडला की वर साडेसहा मीटर उरतो. म्हणजे झोळाला मुळातच फार वाव नाही. धानाच्या बांधीत वर्षातले चार महिने पाणी साचते, पायाला काँक्रीट नसलेला पोल कलतो, स्टे (पोलला धरणारी ताणाची तार) ढिला होतो, उन्हाळ्यात ॲल्युमिनियमची तार तापून लांबते, आणि दोन-तीन वर्षांत तार मधल्या गाळ्यात हाताला लागेल इतकी खाली येते. सारस उडण्याआधी पंख उघडून काही पावले धावतो आणि मग तिरका वर जातो. खाली आलेली तार नेमकी त्या उंचीवर असते. हीच तार बैलाला आणि माणसालाही धोक्याची आहे, त्यामुळे हे काम केवळ पक्ष्यांसाठी आहे असे कोणी समजू नये.

चार. मेलेल्या वाहिन्या. कनेक्शन कायमचे बंद झाले, पंप उचलला, बोअर आटली, तरी पोल आणि तारा शेतात तशाच उभ्या असतात. त्यांतून वीज वाहत नाही, पण धडक बसायला वीज लागत नाही. पीडी (कायमचे बंद) झालेल्या कनेक्शनच्या तारा काढायला नवे तंत्रज्ञान लागत नाही, मोठी मंजुरी लागत नाही, लाईनमनच्या टोळीचा एक दिवस लागतो. एवढे सोपे काम शिल्लक राहते याचे आम्हाला सर्वाधिक वाईट वाटते.

पाच, आणि ही तक्रार आमच्या मते सगळ्यांत गंभीर: नोंद होत नाही. पक्षी तारेला लागला की फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. ३३/११ केव्ही उपकेंद्रातला ऑपरेटर थोडे थांबून पुन्हा चार्ज करून पाहतो, फीडर उभा राहतो, रजिस्टरमध्ये वेळ आणि कोणत्या रिलेने (वाहिनी बंद करणाऱ्या उपकरणाने) काम केले ते लिहिले जाते आणि विषय संपतो. तिकडे बांधीत पडलेला पक्षी कुत्री आणि कोल्हे एक-दोन रात्रींत संपवतात. उभ्या धानात तर शेजारच्या धुऱ्यावरूनही तो दिसत नाही. जे मृतदेह सापडतात ते खऱ्या आकड्याचा एक भाग असतात, आणि त्यावरून ‘आमच्याकडे फारशा घटना नाहीत’ असे म्हणणे चुकीचे आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ प्रमाणे वीजवाहिनीमुळे माणूस किंवा प्राणी दगावला तर विद्युत निरीक्षकांना कळवणे बंधनकारक आहे. बैल दगावला की तसे कळवले जाते, कारण भरपाईचा प्रश्न असतो. सारसाच्या मागे भरपाई मागणारा कोणी नसतो, म्हणून तो या कलमातून गळू नये.

उपायांबद्दल थोडे तपशिलाने, कारण चुकीचे साहित्य बसवून पैसे खर्ची पडल्याचे दाखवणे सोपे असते.

तार पक्ष्याला दिसावी म्हणून तिच्यावर लावायचे मार्कर उपयोगी आहेत, पण संपूर्ण उपाय नाहीत. जगभरातल्या अभ्यासांचे सार काढले तर त्यांनी धडका साधारण निम्म्याने कमी होतात. चाळीसच्या आत संख्या असलेल्या पक्ष्याला निम्मे पुरत नाही. म्हणून रातथाऱ्याला लागून असलेल्या गाळ्यांत आधी तारच बदलावी आणि त्याबाहेरच्या वर्तुळात मार्कर लावावेत. ११ केव्हीच्या उघड्या तारेवर पंख्यासारखे लटकणारे मार्कर नकोत, वाऱ्यात हलून ते दोन फेजमधले अंतर खातात. तिथे तारेला घट्ट बसणारे, मोठ्या व्यासाचे स्प्रिंगसारखे वेटोळे मार्कर हवेत, आणि ते तारेच्या मापाचे हवेत. वीझलसाठी वेगळे, १०.०५ मिलिमीटरच्या ‘रॅबिट’साठी वेगळे. मापात चूक झाली की मार्कर घसरत घसरत झोळाच्या मध्याशी गोळा होतात आणि बाकीचा गाळा मोकळा राहतो. विदर्भाच्या उन्हात साधे प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते, त्यामुळे अतिनील किरणांना टिकणाऱ्या साहित्याची अट निविदेत लिहिलेली असावी. प्रत्येक तारेवर दर १० मीटरला एक आणि शेजारच्या तारेवर ५ मीटर सरकवून, म्हणजे समोरून पाहताना दर ५ मीटरला काहीतरी दिसेल. संधिप्रकाशात चमकणारी पट्टी त्यावर असावी, कारण सारसांची ये-जा त्याच वेळची.

१३२ केव्ही आणि त्यावरच्या मनोऱ्यांच्या वाहिन्यांचे गणित वेगळे आहे. तिथे जाड तारा पक्ष्याला दिसतात, त्या टाळायला तो वर उठतो आणि सगळ्यात वरच्या बारीक अर्थ वायरला धडकतो. मार्कर तिथे त्या अर्थ वायरवरच हवेत, आणि लटकणारे चालतील. तिरोड्याच्या ३३०० मेगावॅट औष्णिक प्रकल्पामुळे या भागात अतिउच्चदाब वाहिन्यांचे जाळे आहे. त्यातल्या तळ्यांजवळच्या गाळ्यांची वेगळी यादी व्हावी.

आवरण असलेली तार किंवा एबी केबल (आवरण असलेल्या तारा एकत्र पिळलेली हवाई केबल) शॉकचा धोका जवळपास संपवते. केबल जाड असल्याने ती दिसतेही. पण ११ केव्हीची एबी केबल जड असते, जुन्याच पोलवर जुन्याच अंतराने ओढली तर झोळ वाढतो. मधे एक पोल वाढवावा लागतो आणि तो अंदाजपत्रकात आधीच धरावा. आकडा टाकता येत नाही, हा कंपनीचा स्वतःचा फायदा आहे. २०२१ पासून सुरू असलेल्या केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत गळती कमी करण्यासाठी अशी कामे बसतात. म्हणजे वेगळा ‘सारस निधी’ येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

भूमिगत केबल सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत महाग. ती बांधीतून नेऊ नये. ११ केव्ही केबल ०.९ मीटर खोल असली तरी साचलेल्या पाण्यात जॉइंट बिघडतात, आणि बिघाड शोधायला पिकात खोदावे लागले तर त्याच शेतकऱ्याचा सारसावर राग निघेल. केबल पांदण रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कडेने न्यावी, वाळूचा थर आणि वर संरक्षक फरशी असावी, जॉइंट उंच जागी आणि खुणेचा दगड लावून. लांबी थोडी वाढेल, पुढची वीस वर्षे दुरुस्ती सोपी होईल. माळढोकाच्या क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये स्वतंत्र विनियम केले आणि ३३ केव्ही व त्याखालच्या वाहिन्या भूमिगत करण्याचे ठरवले. एका पक्ष्यासाठी वीज क्षेत्राचा नियम होऊ शकतो, हे त्यामुळे आता सिद्धच आहे. आमची जागा तर राजस्थानच्या मानाने फार लहान आहे.

आणि जिथे तारच लागणार नाही असा उपाय शासनाकडे तयार आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरून पंप मिळतो आणि वाहिनी ओढावी लागत नाही. सारस असलेल्या गावांतले अर्ज आधी निकाली काढले तर नव्या तारा आपोआप थांबतील. सक्ती मात्र करू नये. धानाला पाणी जास्त लागते, ढगाळ आठवड्यात सौर पंप कमी चालतो, ही शेतकऱ्याची शंका खरी आहे. विहिरीची खोली आणि क्षेत्र पाहून पुरेशा अश्वशक्तीचा पंप दिला तरच लोक जुनी जोडणी सोडतील.

आमच्या मागण्या अशा:

१. सारस संवर्धन समितीने वन विभागाची घरट्यांची व रातथाऱ्यांची नोंद आणि वीज कंपन्यांचे वाहिन्यांचे नकाशे एकत्र करून, रातथाऱ्यापासून १ किलोमीटर आणि घरट्याच्या बांधीपासून ५०० मीटरच्या आतल्या प्रत्येक गाळ्याची पोल क्रमांकासह यादी करावी आणि ती जाहीर करावी. ही यादी झाली की बाकीचे सगळे सोपे आहे. तळी मोजकी आहेत, गाळेही मोजकेच निघतील.

२. या यादीतल्या पीडी व बंद वाहिन्या येत्या मे अखेरपर्यंत उतरवाव्यात. झोळ काढणे, कललेले पोल सरळ करून पायाला काँक्रीट करणे ही कामेही त्याच मुदतीत. बांध्या कोरड्या असतात आणि घरटी पावसाळ्यात सुरू होतात, त्यामुळे एप्रिल-मे हाच योग्य काळ आहे. उन्हाळ्यात सारस उरलेल्या पाण्याच्या तळ्यांवर गोळा होतात, म्हणून तिथले काम सकाळी नऊ ते दुपारी चार याच वेळेत करावे.

३. रातथाऱ्याला लागून असलेल्या ११ केव्ही व लघुदाब वाहिन्या एबी केबल, आवरणयुक्त तार किंवा भूमिगत, यांपैकी जागेला योग्य त्या पद्धतीने बदलाव्यात. उरलेल्या यादीला वर सांगितलेल्या प्रकारचे मार्कर लावावेत आणि दरवर्षी मान्सूनपूर्व देखभालीत ते तपासावेत.

४. यादीतल्या क्षेत्रात नव्या कनेक्शनचे अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचा अभिप्राय सात दिवसांत घ्यावा. सात दिवसांत उत्तर आले नाही तर उपविभागाने स्थळपाहणी करून निर्णय घ्यावा. यामुळे शेतकऱ्याचे कनेक्शन अडता कामा नये.

५. या क्षेत्रातून जाणारा फीडर कारण न सापडता ट्रिप झाल्यास २४ तासांत लाईनमन आणि वनरक्षकाने मिळून तो भाग पायी पाहावा. सारस सापडल्यास जागेचे अक्षांश-रेखांश, पोल क्रमांक, तारेची जमिनीपासून उंची आणि छायाचित्र घेऊन कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकांना कळवावे. शवविच्छेदनात भाजल्याच्या खुणा आणि हाडांचे मोड वेगवेगळे नोंदवावेत, आतड्याचा नमुना विषतपासणीला पाठवावा. कीटकनाशकाने मेलेला पक्षीही तारेखाली पडलेला सापडू शकतो, आणि कारण चुकले तर पैसा चुकीच्या जागी जातो.

६. दरवर्षीच्या गणनेच्या पत्रकात तारांच्या स्थितीचा एक रकाना वाढवावा. ही माहिती गोळा करायचे काम आम्ही विनामोबदला करू.

या पत्राला लेखी उत्तर मिळावे आणि त्यात प्रत्येक मागणीसमोर जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम व तारीख असावी, ही विनंती. पहिल्या मागणीतली यादी करण्यासाठी तीन महिने पुरेसे आहेत. ती बनवताना शेतावर येऊन गाळे दाखवायला आमच्यातले लोक आपल्या कर्मचाऱ्यांसोबत येतील.

आपले,
गोंदिया-भंडारा जिल्ह्यांतील पक्षीनिरीक्षक, धान उत्पादक शेतकरी आणि वीज क्षेत्रातील निवृत्त कर्मचारी